हायड्रोकोलॉइड ड्रेसिंग घरी कसे लावावे: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

‘पट्टीखाली पू झालाय’ असे म्हणत दुसऱ्याच दिवशी हायड्रोकोलॉइड ड्रेसिंग ओढून काढायचे, जखम जंतुनाशक द्रवाने खसाखसा धुवायची, वर मलम थापायचे आणि त्यावर नवे ड्रेसिंग चिकटवायचे. ते संध्याकाळपर्यंत सुटून कपड्याला लागले की ‘हे काही कामाचे नाही’ असा निकाल देऊन पुन्हा कापूस आणि चिकटपट्टीकडे वळायचे. या ड्रेसिंगची घराघरांतली फजिती साधारण याच क्रमाने होते. यातली प्रत्येक कृती चुकीची आहे आणि सगळ्या चुकांचे मूळ एकच आहे: हायड्रोकोलॉइड म्हणजे गॉजचाच जरा महाग प्रकार, ही समजूत.

गॉज जखमेतली ओल शोषते आणि हवेत उडू देते, म्हणून ती रोज बदलावी लागते. हायड्रोकोलॉइड ती ओल जखमेवरच राखून ठेवते. त्याच्या त्वचेकडच्या चिकट थरात कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, पेक्टिन किंवा जिलेटिन यांसारखे पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात आणि बाहेरच्या बाजूला पाणी व जंतू आत न येऊ देणारा पातळ पडदा असतो. जखमेतून झिरपणारी लस या थरात शिरली की तो फुगतो आणि त्याचा मऊ जेल बनतो. खपली धरली म्हणजे जखम भरत आली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात नव्या त्वचेच्या पेशींना कोरड्या खपलीखालून वाट काढत पुढे सरकावे लागते, तर ओलसर पृष्ठभागावरून त्या सहज आणि लवकर पसरतात. उघडे पडलेले मज्जातंतू जेलखाली झाकले गेल्यामुळे ठणकाही कमी होतो.

तेव्हा लावण्याआधीची पारख आणि तयारी काटेकोर करावी आणि लावल्यानंतर हात आवरावा. पुढील टप्पे त्याच हिशेबाने दिले आहेत. पहिले चार टप्पे ड्रेसिंगचे पाकीट फोडण्याआधीचे आहेत आणि बहुतेक फसगत तिथेच होते.

टप्पा १: ही जखम या ड्रेसिंगजोगी आहे का?

उथळ, स्वच्छ आणि बेताची लस येणारी जखम या ड्रेसिंगसाठी योग्य असते. दुचाकीवरून घसरून खरचटलेला गुडघा किंवा कोपर, नवी चप्पल चावून सोललेली टाच, तव्याचा चटका बसून वरवर सोललेली रुपयाएवढी जागा, ही त्याची घरगुती उदाहरणे होत.

काही जखमांवर मात्र ते घरच्या घरी अजिबात लावू नये. हवाबंद आवरणाखाली जंतूंना ऊब आणि ओल दोन्ही मिळतात. जखम स्वच्छ असेल तर शरीर त्यांना पुरून उरते, पण जंतुसंसर्ग आधीच झाला असेल तर आपण त्याच्यावर झाकण घालून बसतो. म्हणून जखमेभोवती लाली पसरत असेल, ती जागा गरम लागत असेल, हिरवट दाट पू येत असेल किंवा ताप असेल तर हे ड्रेसिंग बाजूला ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

कुत्रा, मांजर किंवा माकड चावले असेल तर जखम झाकण्याचा विचारही करू नये. ती वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. खिळा, तार किंवा काटा खोल रुतून झालेले अरुंद भोक बाहेरून क्षुल्लक दिसते, पण धनुर्वाताचे जंतू हवा न पोचणाऱ्या अशाच जागी वाढतात, त्यामुळे त्यावरही हे ड्रेसिंग वर्ज्य आहे. सुरीने किंवा विळीने कापून कडा फाकल्या असतील तर टाक्यांची गरज असू शकते आणि ते शक्यतो पहिल्या सहा ते आठ तासांत पडलेले बरे. जखमेत चरबी, स्नायू किंवा हाड दिसत असेल, तर प्रश्न घरगुती उपचाराच्या पलीकडे गेला आहे, हे सांगायला नको.

भाजण्याच्या बाबतीत मोजमाप सोपे आहे. भाजलेल्या माणसाच्या स्वतःच्या बोटांसह तळहाताएवढे क्षेत्र म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण १ टक्का. त्याहून मोठे भाजणे, चेहरा, हात, सांधे किंवा जननेंद्रियाजवळचे भाजणे, तसेच पांढरे किंवा चामड्यासारखे झालेले आणि आश्चर्य वाटावे इतके कमी दुखणारे भाजणे थेट डॉक्टरांकडे न्यावे. किरकोळ चटक्यावरसुद्धा आधी २० मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे आणि ड्रेसिंगचा विचार त्यानंतर करावा.

> सावधान: मधुमेही व्यक्तीच्या पायाची जखम कितीही लहान असली तरी तिच्यावर स्वतःच्या मनाने हे ड्रेसिंग लावू नये. पायाची संवेदना कमी झालेली असल्याने आत बिघडत असलेले दुखून कळत नाही आणि झाकल्यामुळे दिसतही नाही. पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांना आणि जखमेवर कोरडे काळे कवच असलेल्यांनाही हाच नियम लागू आहे.

आणखी एक गट सहज विसरला जातो. खूप वृद्ध माणसांची, तसेच दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांची त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते. या ड्रेसिंगचा चिकटपणा तिला झेपत नाही आणि काढताना जुन्या जखमेशेजारी नवी जखम तयार होते. त्यांच्यासाठी सिलिकॉनच्या सौम्य चिकटपणाचे ड्रेसिंग विचारून घ्यावे.

> तपासणी: धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले, ते आठवावे. जखम रस्त्यावरची, मातीतली किंवा शेणाशी संबंध आलेली असेल आणि इंजेक्शनला ५ वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर डॉक्टरांना विचारावे. ड्रेसिंग कितीही चांगले असले तरी धनुर्वात थांबवत नाही.

टप्पा २: योग्य वस्तू आणि योग्य आकार

औषधाच्या दुकानात हे नाव उच्चारल्यावर दोन चुकीच्या वस्तू हातात पडू शकतात. पहिली म्हणजे हायड्रोजेल. हे नळीतून किंवा पातळ चकतीच्या रूपात मिळते आणि कोरड्या जखमेला ओल देण्यासाठी असते. दुसरी म्हणजे सलाईनची सुई हातावर धरून ठेवण्यासाठी लावतात तसला पारदर्शक चिकट पडदा, ज्यात लस शोषण्याची सोयच नसते. हायड्रोकोलॉइड ओळखायला सोपे आहे: ते फिकट तपकिरी किंवा त्वचेच्या रंगाचे, किंचित जाड आणि सायकलच्या पंक्चरच्या ठिगळासारखे लवचीक असते. ड्युओडर्म आणि कॉम्फील ही त्यातली ओळखीची नावे आहेत. त्यांत जाड आणि पातळ असे प्रकार मिळतात. लस बऱ्यापैकी येत असेल तर जाड घ्यावे. लस थोडी असेल किंवा जागा सतत वाकणारी असेल तर पातळ बरे पडते.

शाकाहारी वाचकांसाठी एक नोंद करतो, कारण ती पाकिटावर ठळक नसते. यातल्या अनेक ड्रेसिंगमध्ये जिलेटिन असते आणि जिलेटिन प्राण्यांपासून मिळते. जिलेटिन नसलेली उत्पादनेही आहेत. ज्यांना हे टाळायचे आहे त्यांनी घटकांची यादी वाचूनच खरेदी करावी.

आकार निवडताना जखमेच्या कडेपासून चहूबाजूंनी २ ते ३ सेंटिमीटर निरोगी त्वचा झाकली जाईल, असा हिशेब ठेवावा. म्हणजे ३ सेंटिमीटरच्या जखमेला ७ ते ९ सेंटिमीटरचा तुकडा लागतो. इथे काटकसर अंगाशी येते, कारण लस बाजूला पसरते आणि कडेची पकड अपुरी असेल तर पहिल्याच दिवशी ती बाहेर फुटते. मोठ्या चौकोनातून तुकडा कापणार असाल तर कात्री स्पिरिटने पुसून वाळू द्यावी आणि कापल्यावर चारही कोपरे गोल करावेत. टोकदार कोपरा विजारीत किंवा चादरीत अडकतो आणि तिथूनच ड्रेसिंग उलगडू लागते. उरलेला तुकडा आता निर्जंतुक राहिलेला नसतो, म्हणून तो दुसऱ्या जखमेसाठी जपून ठेवू नये. न फुटलेल्या त्वचेवर, चप्पल घासते तिथे लावायला तो चालतो.

याखेरीज नॉर्मल सलाईनची छोटी बाटली, निर्जंतुक गॉज, साबण, स्वच्छ टॉवेल, कागदी चिकटपट्टी आणि एक पेन जवळ असावे. कापूस घेऊ नये, कारण त्याचे तंतू जखमेत राहतात.

> तपासणी: पाकीट कुठे फाटलेले नाही ना, मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे. मे महिन्यात गाडीच्या डिकीत पडून राहिलेल्या पाकिटातले ड्रेसिंग वापरू नये. उष्णतेने त्याचा चिकट थर बिघडतो.

टप्पा ३: जखम धुणे

रक्त येत असेल तर आधी ते थांबवावे. जखमेवर स्वच्छ गॉज ठेवून सलग १० मिनिटे दाबून धरावे. दर मिनिटाला उचलून ‘थांबले का’ ते पाहण्याचा मोह आवरावा, कारण प्रत्येक वेळी नुकती धरलेली गुठळी सुटते. १० मिनिटांनीही रक्त वाहत असेल तर डॉक्टरांकडे जावे.

त्यानंतर स्वतःचे हात साबणाने धुवावेत आणि मगच जखमेला हात लावावा. जखम धुण्यासाठी पिण्याजोगे वाहते पाणी पुरते. टाकीच्या पाण्याचा भरवसा नसेल, विशेषतः पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येत असेल, तर उकळून गार केलेले पाणी किंवा नॉर्मल सलाईन वापरावे. धार थोडी जोराची असावी, पण जखम चोळू नये. डांबरी रस्त्यावर घासलेल्या जखमेत बारीक खडी आणि काळी धूळ रुतलेली असते. ओल्या गॉजने ती हलकेच टिपून काढावी. जी निघत नाही ती टोकरत बसू नये, पण तशीच ठेवून वर ड्रेसिंगही लावू नये. ती डॉक्टरांकडून काढून घ्यावी, नाहीतर जंतुसंसर्गाचा धोका राहतो आणि जखम भरल्यावर त्वचेखाली गोंदल्यासारखा निळसर-काळा डाग कायमचा उरतो.

हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट किंवा तीव्र जंतुनाशक द्रव उघड्या जखमेत ओतू नयेत. ज्या नाजूक पेशींना वाढू द्यायचे आहे, त्यांनाही ते इजा करतात. हळदीबद्दल घरातल्या मोठ्यांशी वाद घालण्याची गरज नाही. या ड्रेसिंगखाली कोणतीच भुकटी चालत नाही, एवढे सांगितले तरी पुरे.

टप्पा ४: भोवतालची त्वचा कोरडी करणे

या टप्प्याला लोक अर्धा मिनिट देतात. द्यायला हवीत पाच ते दहा मिनिटे, कारण ड्रेसिंग सात दिवस टिकणार की सात तास, हे इथेच ठरते. जखम ओलसर राहिली तरी चालते, किंबहुना ती कोरडी ठाक करूच नये. भोवतीची त्वचा मात्र पूर्ण कोरडी आणि तेलविरहित हवी.

माझी स्वतःची पहिली दोन ड्रेसिंग वाया गेली ती याच कारणाने. गुडघा खरचटला होता, आदल्या रात्री त्याच पायाला खोबरेल तेल चोळले होते आणि सकाळी अंघोळ झाली म्हणजे तेल गेले असे मी गृहीत धरले. ड्रेसिंग लावल्यावर तासाभरात त्याची कड बोटाच्या रेट्याने पुढे-मागे सरकू लागली, जशी ओल्या काचेवर चिकटपट्टी सरकते. दुसऱ्या वेळी जखमेवर मलम लावून त्यावर ड्रेसिंग बसवले. मलम शरीराच्या उष्णतेने पातळ होऊन कडेकडे ओघळले आणि ड्रेसिंग मधोमध सुटले. तिसऱ्या वेळी भोवतालची त्वचा साबणाच्या फेसाने पुसली, पाण्याने साबण काढला, टॉवेलने टिपले आणि पंख्याखाली पाय पसरून बसलो. ते ड्रेसिंग सहाव्या दिवशी मी स्वतः काढले.

तेव्हा मलम, क्रीम, पावडर, तेल यांपैकी काहीही खाली नको. डॉक्टरांनी जखमेला लावायचे मलम लिहून दिले असेल, तर ते टाळून हे ड्रेसिंग लावावे असा याचा अर्थ होत नाही. त्या जखमेला त्यांच्या मते औषधाची गरज आहे, म्हणून आधी त्यांना विचारावे. पाय केसाळ असेल तर ड्रेसिंगच्या जागेवरचे केस कात्रीने बारीक करावेत. वस्तरा फिरवू नये, कारण त्याने न दिसणारे बारीक ओरखडे पडतात.

> तपासणी: हाताच्या बोटाची मागची बाजू जखमेभोवतीच्या त्वचेवर हलकेच फिरवावी. ती चिकटल्यासारखी किंवा घसरल्यासारखी वाटली तर त्वचा अजून तयार नाही. दमट हवेत आणि घामेजलेल्या अंगावर पंखा लावल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टप्पा ५: चिकटवणे

१. बंद पाकीट दोन तळहातांमध्ये मिनिटभर धरून ऊब द्यावी. गार ड्रेसिंग ताठ असते आणि त्वचेच्या बारीक घड्यांत बसत नाही. त्यासाठी इस्त्री किंवा गरम हवेचे यंत्र वापरू नये.

२. सांध्यावर लावताना सांधा ज्या स्थितीत जास्त वेळ राहतो, त्या स्थितीत ठेवावा. गुडघा किंचित वाकवून लावावे. पाय ताठ ठेवून लावलेले ड्रेसिंग जिना चढताना पहिल्याच पायरीवर ताणले जाते.

३. मागचा कागद एका बाजूने अर्धा सोलावा. चिकट बाजूला बोट लावू नये. लागलेच तर ते कडेला लागावे, मध्यभागी नको.

४. एका बाजूची कड निरोगी त्वचेवर टेकवून उरलेला कागद काढत ड्रेसिंग जखमेवर चटईसारखे उलगडत न्यावे. ताणू नये. ताणून लावलेले ड्रेसिंग आक्रसताना त्वचेला ओढते आणि कडेला फोड येतात.

५. पाय किंवा हातासारख्या खाली लोंबणाऱ्या भागावर ड्रेसिंगचा साधारण एक तृतीयांश भाग जखमेच्या वर आणि दोन तृतीयांश खाली येईल असे बसवावे. लस खाली उतरते, तेव्हा तिला जागा तिथेच हवी.

६. तळहात ड्रेसिंगवर ठेवून ३० ते ६० सेकंद दाबून धरावा आणि मग बोटाने सगळ्या कडा एकदा फिरून घ्याव्यात. हा चिकट थर शरीराच्या उबेने पकड घेतो, त्यामुळे ही पायरी गाळू नये.

७. बाहेरच्या पडद्यावर पेनाने तारीख लिहावी. चार दिवसांनी ‘सोमवारी लावले की मंगळवारी’ हा वाद हमखास होतो.

कपड्याचे घर्षण होत असेल तर चारही कडांना कागदी चिकटपट्टीची चौकट लावावी. वरून घट्ट बँडेज गुंडाळण्याची गरज नाही.

टप्पा ६: हात आवरणे आणि जेल ओळखणे

पहिल्या दिवशी फारसे काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेच्या बरोबर वर ड्रेसिंग पांढुरके होऊन फुगते आणि बोट लावल्यास पाण्याच्या पिशवीसारखे मऊ लागते. जाड प्रकारात हा फुगवटा पिवळट किंवा तपकिरी दिसतो. ड्रेसिंग काढल्यावर आतून दाट पिवळसर चिकट पदार्थ निघतो आणि त्याला आंबूस वास असतो. पहिल्यांदा पाहणारा माणूस याला पू म्हणतो, त्यात त्याचा दोष नाही, कारण रंग आणि दाटपणा दोन्ही फसवे आहेत. हा जेल म्हणजे ड्रेसिंगचाच विरघळलेला थर आणि त्यात मिसळलेली लस.

फरक ओळखायचा तो जेलकडे पाहून नव्हे, तर भोवतालच्या त्वचेकडे आणि दुखण्याकडे पाहून. सगळे ठीक असताना ठणका दिवसागणिक कमी होतो, ड्रेसिंगबाहेरची त्वचा नेहमीच्या रंगाची राहते आणि वास जेल धुतल्याबरोबर जातो. जंतुसंसर्ग असेल तर दुखणे वाढत जाते, ड्रेसिंगच्या बाहेर लाली आणि सूज सरकते, जागा गरम लागते आणि जखम धुतल्यावरही घाण वास येत राहतो. शंका असल्यास लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढावी आणि काही तासांनी पाहावे. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही. तिथे सूज, उष्णता आणि दुखणे यांवर अधिक विसंबावे.

> सावधान: लाली रेघेबाहेर गेली, जखमेपासून वर जाणारी लाल रेघ दिसली, थंडी वाजून ताप आला किंवा ठणका असह्य झाला, तर सात दिवस पूर्ण होण्याची वाट न पाहता ड्रेसिंग काढावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

बाकी काळात ड्रेसिंग उचलून आत डोकावू नये. प्रत्येक वेळी जखम थंड पडते, नवा नाजूक थर ओरबाडला जातो आणि एकदा सुटलेली कड पुन्हा तशी चिकटत नाही. अंघोळ करायला हरकत नाही. अंगावर पाणी घ्यावे, पण जखमेचा भाग पाण्यात बुडवून बसू नये आणि नंतर ड्रेसिंग चोळून न पुसता टिपावे.

ड्रेसिंग बदलण्याची वेळ ड्रेसिंगच सांगते. फुगवटा कडेपासून १ सेंटिमीटरपर्यंत आला, कुठून गळू लागले किंवा कड सुटून आत पाणी-धूळ जाण्याजोगी फट पडली, की बदलावे. यांपैकी काहीही झाले नाही तर ३ ते ७ दिवस राहू द्यावे, सातव्या दिवसापलीकडे मात्र नको. पहिले ड्रेसिंग बहुधा लवकर भरते, कारण ताज्या जखमेतून लस जास्त येते. त्यावरून पुढची सगळी ड्रेसिंग दोन-दोन दिवसांत बदलावी लागतील असा निष्कर्ष काढू नये. अर्धवट सुटलेल्या कडेवर दुसरी चिकटपट्टी मारून दिवस ढकलणे सर्वांत वाईट, कारण त्या फटीतून जंतू आधीच आत गेलेले असतात.

टप्पा ७: काढणे

वॅक्सिंगच्या पट्टीसारखे झटक्यात ओढू नये. एका हाताने त्वचा खाली दाबून धरावी, दुसऱ्या हाताने ड्रेसिंगचा कोपरा सोडवावा आणि तो वर न उचलता त्वचेला समांतर बाजूला ताणावा. ताणले की चिकट थराची पकड आपोआप सुटते. असे चारही बाजूंनी थोडे थोडे सोडवत मध्याकडे यावे आणि ओढण्याची दिशा केसांच्या वाढीच्या दिशेने ठेवावी. कड हट्टी असेल तर तिच्याखाली कोमट पाणी किंवा दोन थेंब खोबरेल तेल सोडावे. मात्र नवे ड्रेसिंग लावणार असाल तर ते तेल साबणाने पूर्ण काढायला विसरू नये.

जखमेत राहिलेला जेल सलाईनने किंवा पाण्याने धुऊन टाकावा आणि जखमेबद्दलचे मत त्यानंतरच बनवावे. पहिल्या बदलाच्या वेळी जखम आधीपेक्षा किंचित मोठी दिसू शकते. ओलाव्याने मृत पापुद्रे सुटून गेलेले असतात आणि त्यामुळे जखमेची खरी कड आता उघडी पडते. तळ गुलाबी-लाल आणि ओलसर दाणेदार असेल तर काम नीट चालले आहे.

भोवतालची त्वचा पांढरी पडून, खूप वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी सुरकुतली असेल तर लस ड्रेसिंगच्या कुवतीपेक्षा जास्त येते आहे. अशा वेळी लवकर बदलावे किंवा फोमचे ड्रेसिंग वापरावे. त्वचा लाल होऊन ड्रेसिंगच्या बरोबर आकाराचा खाजरा चौकोन उमटला असेल, तर ती चिकट थराची ॲलर्जी समजावी आणि तो प्रकार पुन्हा लावू नये.

काढलेले ड्रेसिंग कागदात गुंडाळून, त्यावर लाल खूण करून सुक्या कचऱ्यापासून वेगळे द्यावे. संडासात टाकू नये. त्यातला जेल पाण्यात आणखी फुगतो.

टप्पा ८: पुन्हा लावायचे की थांबायचे

जखम पूर्ण गुलाबी, कोरड्या, चकचकीत त्वचेने झाकली गेली असेल आणि ड्रेसिंगखाली जेल बनणे थांबले असेल, तर थांबावे. ‘अजून एक आठवडा राहू द्या’ म्हणून लावलेले ड्रेसिंग नव्या पातळ त्वचेला चिकटते आणि काढताना तीच सोलते. त्या जागेला काही महिने उन्हापासून जपावे, कारण नवी त्वचा उन्हात लवकर काळवंडते. दोन आठवड्यांत जखम लहान होताना दिसत नसेल तर तिसरे ड्रेसिंग न लावता डॉक्टरांना दाखवावे.

काही वेगळ्या जागा

मुरुमावर लावायच्या बारीक गोल पट्ट्या याच पदार्थाच्या असतात. त्या तोंड फुटलेल्या मुरुमावर उपयोगी पडतात. त्वचेखाली खोल असलेल्या दुखऱ्या गाठीवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. पट्टी पांढरी झाली की बदलावी.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर त्वचा नुकती सोलली असेल, तर परिचारिका किंवा डॉक्टर हे ड्रेसिंग सुचवतात. जखमेची खोली त्यांनीच ठरवावी. घरच्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की ड्रेसिंग दाब कमी करत नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे सुटले, तर आठवड्याला नवे ड्रेसिंग लावूनही जखम खोल जात राहते. ड्रेसिंगला एकही सुरकुती राहू देऊ नये, कारण ती सुरकुतीच पाठीखाली रुतते.

टाचेचा फोड ही याहून अधिक लोकांची अडचण आहे. आळंदीहून किंवा देहूहून पंढरपूरला पालखीबरोबर चालणारे वारकरी सुमारे २५० किलोमीटर चालतात आणि तेही बहुधा पावसात, ओल्या पायांनी. फोड येण्याआधी टाच किंवा चवडा एका जागी गरम होऊन हुळहुळू लागतो. ड्रेसिंग लावण्याची उत्तम वेळ तीच. ओल्या पायावर चालता चालता ते चिकटणार नाही. विसाव्याच्या ठिकाणी पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांसह वाळवावा, ड्रेसिंग लावून दहा मिनिटे बसून राहावे आणि मगच चप्पल घालावी. फोड आला असेल आणि फुटला नसेल तर सुई टोचू नये. वरची कातडी हेच तिथले सर्वांत चांगले आवरण आहे. त्यावर ड्रेसिंग लावल्यास ते आपोआप सुटेपर्यंत काढू नये, कारण ओढले तर फोडाचे छतच त्याच्याबरोबर निघून येते. फोड फुटला असेल तर धुऊन, सुटलेली कातडी सपाट बसवून त्यावर लावावे आणि ज्या चपलेच्या पट्ट्याने तो आला, तिच्यात दुसऱ्या दिवशी पाय घालू नये.